दहा किलो आटा, एक रिकामी खोली

दांडा घट्ट धरा. मेट्रोचा डबा यमुनेवरून पलीकडे निघालाय आणि तुमच्या बरगडीत कुणाचं तरी कोपर रुतलंय. आवळ्याच्या तेलाचा, लोकरी स्वेटरात दिवसभर मुरलेल्या घामाचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या पराठ्याचा एकत्र वास येतोय. मागे एक जण खणखणीत खोकतो. कुणी मानसुद्धा वळवत नाही. हे नीट पाहून घ्या. 2020 सालच्या मार्चची 2 तारीख आहे, सोमवारची संध्याकाळ, आणि दिल्लीत असं मोकळेपणी खोकता येण्याचे हे शेवटचे दिवस आहेत. पुढच्या आठवड्यात याच डब्यात कुणी नुसतं शिंकलं तरी त्याच्याभोवती हातभर जागा आपोआप रिकामी होईल.

"अगला स्टेशन मयूर विहार फेज़ वन है."

उतरा. जिना उतरताना कठड्यावर हात टेकलात ना? टेकू द्या, आज चालतं. खाली ई-रिक्षावाले ओरडतायत, "आचार्य निकेतन, आचार्य निकेतन, एक सवारी!" मोमोच्या भांड्यातून वाफ उसळते, शेजारी निखाऱ्यावर रताळी भाजतायत. हिवाळा सरत आलाय, पण संध्याकाळी अजून अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. फुटपाथवर काटेसावरीची लाल, मांसल फुलं पडून चिरडली गेलीत, पाय जपून टाका. वारा पूर्वेकडून वळला की गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराच्या दर्पाची एक झुळूक येते. इथल्या लोकांना ती आता जाणवतही नाही.

एक गोष्ट मात्र आज वेगळी आहे. सगळ्यांचे फोन वाजतायत. भाजीच्या गाडीपाशी, केमिस्टच्या पायरीवर, सोसायटीच्या गेटात, जो तो फोन कानाला लावून एकच वाक्य बोलतोय: "नहीं नहीं, हमारे यहाँ नहीं, हम ठीक हैं." दुपारी टीव्हीवर बातमी आली. इटलीहून परतलेल्या एका गृहस्थांना हा नवा आजार झालाय, दिल्लीतला पहिला रुग्ण, आणि ते राहतात मयूर विहारला. देशभरातल्या ज्यांना ज्यांना मयूर विहारमध्ये एखादा चुलत मामा असल्याचं आठवलं, ते सगळे आत्ता फोन करतायत.

तुम्ही जिथे उतरणार आहात ते घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडंच आहे, कारण काकू फोनवर बोलत बोलत दारात येऊन उभ्या राहिल्यात. "अगं, मयूर विहार केवढा मोठा! फेज वन, टू, थ्री, शिवाय एक्स्टेन्शन. तो बिचारा कुठल्या इमारतीत राहतो ते मला काय ठाऊक? आणि सफदरजंगला नेलंय त्याला, नीट काळजी घेतील." पलीकडे नागपूर आहे. त्याआधी इंदूर होतं. हातानेच तुम्हाला आत बोलावून त्या पुटपुटतात, "बस, चहा टाकते." तुम्ही पुण्याकडचं, नात्यातलं माणूस आहात, कामासाठी आलात, एवढं त्यांना पुरेसं आहे.

इथला एक नियम लक्षात ठेवा. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण ते तुम्ही सांगू शकत नाही. म्हणजे, सांगून बघा हवं तर. "काकू, तीन आठवड्यांनी सगळा देश बंद होणार आहे." त्या तुमच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघतील. या घरात सहा माणसं राहतात: काका, काकू, काकांच्या आई म्हणजे आजी, मुलगा, सून आणि चौथीतला नातू. कुणालाच काही ठाऊक नाही. येणार ते किती मोठं, किती दिवसांचं, की येणारच नाही? आणि तरीही त्यांना उद्यापासून तयारीला लागायचंय. तुम्ही पिशव्या धरा.

रात्री जेवणं झाल्यावर यादी निघते. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काकू लिहितात आणि काका हिशेब करतात. सहा माणसं, दिवसाला एक किलो कणीक, म्हणजे दहा किलो आटा दहा दिवस. तूरडाळ, मूगडाळ, तांदूळ, तेल, मीठ, साखर, चहा. मग काकू स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे खाली काढायला लावतात आणि तुमच्या लक्षात येतं की या घराची अर्धी तयारी आधीच झालेली आहे. थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट, कोकम, गूळ, साबुदाणा, पापड, लिंबाचं लोणचं. दिल्लीतल्या मराठी घरात हे सगळं गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या बॅगेतून आलेलं असतं आणि जपून वापरलं जातं. झाकण उघडलं की भाजणीतल्या धन्याचा वास आख्ख्या खोलीत दरवळतो. "आजारी माणसाला काय लागतं?" काकू स्वतःलाच विचारतात आणि उत्तर देतात, "मऊ भात, तूप, मेतकूट. ते आहे." यादीत तुपापुढे एक बरोबरची खूण पडते.

दुसऱ्या दिवशी बाजार. आचार्य निकेतनच्या गल्लीत माणसाला माणूस घासूनच चालावं लागतं. स्कूटर, हातगाडी, पिचकाऱ्यांचे ढीग, गुझियासाठी खवा परतल्याचा गोडसर धूर. होळी आठवड्यावर आलीय. पिचकारीवाला एरवी ओरडून ओरडून विकतो, आज त्याच्याकडे कुणी वळत नाही. पिचकाऱ्या चीनहून आल्यात आणि लोक त्यांना हात लावायला कचरतात. कोंबडीचे भावही पडलेत. कोंबडीमुळे हा रोग होतो, अशी अफवा मोबाइलवरून फिरतेय. ती खोटी आहे हे तुम्हाला माहीत आहे. नातवासाठी अंडी घ्यायला काकूंना तुम्ही तेवढं तरी सांगा.

केमिस्टच्या काउंटरपुढे माणसांच्या तीन-तीन रांगा आहेत आणि सगळ्यांच्या तोंडी दोनच शब्द. "मास्क?" "ख़त्म." "सैनिटाइज़र?" "ख़त्म. कल आएगा." उद्या येईल ते दुप्पट भावाने. (सरकार पुढे मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालेल आणि 200 मिलीच्या बाटलीला 100 रुपयांची मर्यादा ठरवेल, पण त्या मर्यादेला अजून अडीच आठवडे आहेत.) तुम्ही गर्दीत उभे राहून मास्क मागू नका. तुमच्याकडे खरी माहिती आहे, ती वापरा. आजीच्या रक्तदाबाच्या आणि काकांच्या मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या आणतात, त्या तीन महिन्यांच्या घ्या. पॅरासिटामॉलच्या दोन पट्ट्या. ओआरएसची पाकिटं. घरातला पाऱ्याचा तापमापक मागच्या वर्षी फुटलाय, एक डिजिटल घ्या. आणि मागच्या कपाटात ऑक्सिमीटर आहे का विचारा. दुकानदार जरा चकित होऊन डबा शोधून काढेल, त्यावरची धूळ फुंकेल. कुणी मागत नाही हो हे, म्हणेल. घ्या. वर्षभराने याच वस्तीत लोक त्यासाठी दारोदार फोन करत फिरतील. काकू विचारतील, हे काय आणि? बोटाला लावायचं, सांगा. त्या ते औषधांच्या डब्यात ठेवतील आणि विसरून जातील.

मास्कचं म्हणाल, तर ते घरातच आहेत. दिल्लीच्या घरात एक खण असतो, नोव्हेंबरचा खण. गेल्या नोव्हेंबरात धुरक्याने डोळे चुरचुरत होते, शाळा बंद ठेवल्या होत्या आणि सरकारने मुलांना शाळांतून मास्क वाटले होते. ते इथे आहेत: नातवाचे दोन, कडेला करडे पडलेले, सुनेचा झडपेवाला एक, काकांचा एक, ज्याचं इलॅस्टिक सैल झालंय. प्रदूषणाची सवय असलेलं हे शहर तोंड झाकायला आधीच शिकलं होतं. काका खणातून मास्क काढून उन्हात टाकतात. टीव्हीवर मात्र सांगतायत की निरोगी माणसाला मास्क लागत नाही, तो आजाऱ्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी ठेवा. महिन्याभराने हेच लोक घरी शिवलेला कापडी मास्क सगळ्यांनीच लावा म्हणतील. या घराने कुणाचं ऐकायचं? ते दोन्ही वेळा ऐकतं. त्यांना हसू नका. त्या क्षणी जे ठाऊक होतं त्यावरच प्रत्येकाला चालायचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी प्राथमिक शाळा महिनाअखेरपर्यंत बंद झाल्याचं कळतं आणि घरात एकट्या नातवाच्या आनंदाला पारावार राहत नाही. त्याची आई विज्ञान शिकवते. ती एका ताटलीत पाणी घेते, वर मिरपूड भुरभुरवते. "बोट घाल." तो घालतो. मिरपूड बोटाला चिकटते. "आता साबण लावून घाल." मिरपूड झर्रकन ताटलीच्या कडेला पळते. मुलगा किंचाळतो, पुन्हा, पुन्हा! मिरपूड का पळाली आणि विषाणू का मरतो यांची कारणं वेगवेगळी आहेत, हेही ती त्याला समजावते. या विषाणूभोवती चरबीचं पातळ वेष्टण असतं, साबण ते फोडतो, वेष्टण फुटलं की आतला ऐवज निकामी. म्हणून साधी साबणाची वडी महागड्या बाटलीइतकीच कामाची, आणि बाटली घ्यायचीच तर तिच्यात अल्कोहोल साठ टक्क्यांहून अधिक हवं. वीस सेकंद हात चोळायचे. वीस सेकंद म्हणजे किती? आजी दिवाणावरून सांगतात, "मनाचे दोन श्लोक." नातू घड्याळ लावून बघतो. बरोबर निघतं. त्या दिवसापासून बेसिनपाशी सकाळ-संध्याकाळ समर्थ ऐकू येतात, कधी पाण्याच्या धारेत बुडालेले, कधी फार घाईत.

फोन लावून बघा कुणाला तरी. रिंगच्या जागी एक माणूस खोकतो. दचकू नका, ती सरकारी सूचना आहे. येते काही आठवडे तुम्ही कुणालाही फोन केलात तरी आधी हा खोकणारा भेटेल.

होळीच्या रात्री खाली सोसायटीच्या आवारात गोवऱ्या पेटतात. कुणीतरी त्यात मूठभर कापूर आणि लवंगा टाकतं आणि सगळे त्या धुराकडे तोंड करून खोल श्वास घेतात. रंगांचा कार्यक्रम रद्द झालाय. वर काकूंच्या पुरणपोळ्या तव्यावर फुगतायत, तूप जरा जास्तच, आणि तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन येतो. आठवडाभर ती रोज एकच म्हणतेय, "तुम्ही सगळे इकडे या. आम्हाला सवय आहे याची." तिचं खरं आहे. 2009 मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा नायडू रुग्णालयासमोरची रांग, रस्त्याने तोंडाला स्कार्फ बांधून चाललेले लोक, हे सगळं तिने पाहिलंय. पण आज तिचा आवाज बदललाय. दुबईहून आलेल्या जोडप्याला झालाय म्हणे, पुण्यात, नायडूलाच ठेवलंय. काकू उलथणं हातात धरून क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "मग तूच ये इकडे." दोघी हसतात. पोळी करपते.

आजींना या सगळ्यात एक वेगळीच ऊर्जा आलीय. त्यांच्या आईने लहानपणी मानमोडीची साथ पाहिली होती, पहिलं महायुद्ध संपता संपता आलेला तो इन्फ्लुएंझा, ज्यात या देशातली कोटीहून अधिक माणसं गेली. आईने सांगितलेलं त्यांना आठवतं ते असं: घरातली सगळीच माणसं एका वेळी आडवी झाली आणि पाणी द्यायला कुणी उभं नव्हतं. शेजारची एक बाई रोज खिडकीतून पेजेचं भांडं आत सरकवायची. "औषध नव्हतंच," आजी म्हणतात, "पेज होती म्हणून वाचली." काकांना 1994 आठवतं. सुरतेच्या प्लेगची बातमी आली आणि दिल्लीत टेट्रासायक्लिन मिळेनासं झालं. लोकांनी गरज नसताना कॅप्सूल घेऊन ठेवल्या, काकांनीही ठेवल्या. प्लेग दिल्लीत पसरला नाही, कॅप्सूल मुदत संपून फेकल्या. त्यामुळे काकांचा ठाम विश्वास आहे की हेही तसंच निघेल. आजींचा आहे की नाही निघणार. एकाच जेवणाच्या टेबलावर दोन साथी समोरासमोर बसल्यात, तुम्ही आमटी वाढून घ्या.

मला विचाराल तर या घराची खरी तयारी किराण्याने झाली नाही. ती झाली एका रात्री, खोलीच्या प्रश्नावरून. सून मोबाइलवर आरोग्य मंत्रालयाची सूचना वाचते: संशयित माणसाला घरीच वेगळं ठेवायचं तर हवेशीर स्वतंत्र खोली, शक्यतो जोडून संडास-बाथरूम, इतरांपासून निदान एक मीटर अंतर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून लांब. वाचून ती मान वर करते. सगळ्यांच्या नजरा एकाच दाराकडे वळतात. जोडून बाथरूम असलेली खोली एकच आहे आणि ती आजींची आहे. त्यात त्यांचा पलंग, देव्हारा, आणि पलंगाखाली गव्हाची कोठी.

"माझी खोली घ्या," आजी म्हणतात. "पण मीच पडले आजारी तर मला परत तिथंच टाकणार ना? मग आधीच कशाला हलवता?"

तर्क बिनतोड आहे. सून त्यांच्याशेजारी जाऊन बसते. "तुम्ही पडू नये म्हणूनच, आजी. बाहेर जातात ते हे आणि मी. आणलं तर आम्ही आणणार."

मग तो प्रश्न, जो मार्चभर कुणालाच मोठ्याने विचारायचा नव्हता: आजाऱ्याजवळ जायचं कुणी? सूचनेत लिहिलंय, एकाच माणसाने. काकू म्हणतात मी. मुलगा म्हणतो, आई, तुझं वय बघ, मी. सून म्हणते, तूच आजारी पडलास तर? मी. काका म्हणतात, माझी नोकरी संपलीय, मला कुठे जायचंय, मीच. नातूही हात वर करतो. अर्धा तास भांडण चालतं, खरंखुरं, आवाज चढवून. आजारी पडायला कुणी तयार नाही आणि शुश्रूषेवरचा हक्क सोडायला कुणी तयार नाही. शेवटी सुनेचं वय आणि तब्येत पाहून तिचं नाव ठरतं आणि ती आजारी पडली तर मुलाचं. लग्नपत्रिकेच्या कडेला दोन नावं उभी लिहिली जातात.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला घाम फुटणार आहे. गव्हाची कोठी सरकवा. पलंगाचा एक पाय कायमचा रुसलेला आहे, त्याला जपा. देव्हारा उचलताना आजी पुढे चालतात, मागे तुम्ही, आणि बाळकृष्ण काकूंच्या ओंजळीत. त्याची नवी जागा फ्रिजशेजारी. खिडकी वर्षानुवर्षं रंगाने चिकटून बसली होती, ती काका स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून उघडतात आणि खाली खेळणाऱ्या पोरांचा कल्ला खोलीत शिरतो. आत आता एक पलंग, एक स्टूल, पाण्याची बाटली, वेगळं ताट-वाटी-पेला, झाकणाची कचरापेटी. दारावर कागद नाही, काही नाही. रिकामी, स्वच्छ, फिनेलचा वास येणारी खोली. इतकी वर्षं जागा पुरत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या घराने एक आख्खी खोली एका अशा माणसासाठी मोकळी केलीय ज्याचं नाव अजून ठरलेलं नाही. येता-जाता सगळे तिच्याकडे बघतात आणि चटकन नजर काढून घेतात.

शनिवारी गारा पडतात. ऐन मार्चमध्ये आभाळ काळं होतं आणि कूलरच्या पत्र्यांवर ताशा वाजल्यासारखा आवाज सुरू होतो. नातू बाल्कनीत वाटी धरतो. त्याच सुमाराला लिफ्टमध्ये थर्माकोलचा तुकडा चिकटवून त्यात टूथपिक खोचलेल्या दिसू लागतात. एक काढायची, बटण दाबायचं, टाकून द्यायची. गेटवर गार्डची वही मात्र तशीच आहे आणि सुतळीला बांधलेलं पेनही तेच, दिवसभरात सगळ्यांच्या हातांतून फिरणारं. काकांच्या ते ध्यानात येतं आणि ते स्वतःचं पेन खिशाला लावून फिरू लागतात.

आता त्याच्या पुढच्या शनिवारची, सकाळी आठची बेल. दार तुम्हीच उघडा. दीदी आल्यात. त्रिलोकपुरीहून चालत येतात, चार घरची भांडी-झाडू करतात, आणि या घरात गेली अनेक वर्षं काकूंच्या आधी त्यांनाच कळतं की साखर संपलीय. त्या चप्पल काढतात, बेसिनपाशी जातात, हात धुतात. नातवाने त्यांनाही मिरपूड दाखवलीय. "आंटी, ये वाला साबुन मेरे को भी देना, हमारे उधर बच्चे मानते नहीं."

यादीत दीदी नव्हत्या. सहा माणसं, दहा किलो, दहा दिवस, आणि त्या हिशेबात ही बाई कुठेच नव्हती. मला हे थांबून सांगायचंय, कारण त्या महिन्यात दिल्लीतल्या हजारो घरांनी अशाच याद्या केल्या आणि बहुतेक याद्या उंबऱ्यापाशी संपल्या. हवेशीर स्वतंत्र खोली, जोडून बाथरूम, एक मीटर अंतर. दीदींचं सगळं घर म्हणजे एक खोली आहे, त्यात पाच माणसं, आणि पाण्याला ठरावीक वेळ. तिथे वेगळं राहायचं म्हणजे कुठे? ती सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असं घर नव्हतं. विषाणूला मात्र फेज वनचं गेट आणि त्रिलोकपुरीची गल्ली यातला फरक कळत नव्हता. 8 एप्रिलला दिल्लीतली जी 20 ठिकाणं बंद केल्याचं जाहीर होईल, त्या एकाच यादीत मयूर विहार एक्स्टेन्शनमधलं वर्धमान अपार्टमेंट्स असेल आणि त्रिलोकपुरीशेजारच्या कल्याणपुरीची एक गल्लीही असेल.

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आलाय: घरकामाला येणाऱ्यांना काही दिवस येऊ देऊ नका. पगाराबद्दल त्यात एक अक्षर नाही. काकू तो निरोप दोनदा वाचतात, चष्मा काढतात आणि लग्नपत्रिका परत मागतात. "पुन्हा लिही," त्या काकांना सांगतात. पाच किलो आटा, दोन किलो तूरडाळ, तेल, मीठ, साबणाच्या सहा वड्या, पॅरासिटामॉलची एक पट्टी, चहा-साखर. मार्चचा पगार आजच, एप्रिलचाही आजच, काम असो नसो. काका एटीएममधून पैसे काढून आणतात आणि पुन्हा नव्याने गुणाकार करायला बसतात, कारण आता दहा किलो दहा दिवस पुरत नाही. तुम्ही पिशवीचा एक बंद धरा, दीदी दुसरा. जिन्याने चला, लिफ्टपाशी रांग आहे. गेटबाहेर ई-रिक्षात पिशवी ठेवताना दीदी म्हणतात, "बीस-पच्चीस दिन की बात है, आंटी बोल रही थीं." तुम्हाला खरी संख्या माहीत आहे. हा क्षण कठीण जाईल. "शेजाऱ्यांचा फोन नंबर देऊन ठेवा," एवढं तुम्ही म्हणू शकता. "तुमचा लागला नाही तर." त्या विचार करून एक नंबर सांगतात आणि तुम्ही तो हातावर लिहून घेता.

दुसऱ्या दिवशीच्या रविवारी सगळं बंद असतं आणि संध्याकाळी पाच वाजता बाल्कन्यांतून ताटं वाजतात, शंख, घंटा, कुकरची झाकणं. तो गलका तुम्हाला ठाऊक आहे, सगळ्या देशाने ऐकलाय. मंगळवारी पंतप्रधानांचं रात्री आठचं भाषण संपायच्या आत जिन्यात पावलांचा धडाका सुरू होतो. मुलगा म्हणतो मी जाऊन येतो. तुम्हीही जा, आत्ता नाही गेलात तर बाजार परत लवकर दिसायचा नाही. मदर डेअरीच्या बूथपुढे रांगेला शेपूट राहिलेलं नाही, नुसता घोळका आहे. सफलच्या दुकानात बटाट्याचे क्रेट रिकामे झालेत, खाली माती उरलीय. एक माणूस ब्रेडचे आठ पुडे छातीशी धरून चाललाय, दुसरा त्याच्याकडे बघतोय. कुणाच्या कपाळावर घाम, कुणाच्या तोंडाला रुमाल, अंतर मात्र कुणातच नाही. मुलगा दाराशीच थांबतो. हातातल्या मोबाइलवर सुनेचा निरोप आलाय: "परत ये. आहे आपल्याकडे." तो वळतो. त्या रात्री घराच्या तयारीचा एवढा एक फायदा झाला, की त्या घोळक्यात त्याला शिरावं लागलं नाही.

आणि उजाडतो तो गुढीपाडवा. खाली आवारात कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटलीय. नातू गार्डला विचारून एक डहाळी तोडतो. साखरेच्या गाठी पुण्याहून कुरिअरने येणार होत्या, त्या आता कुठल्या तरी गोदामात अडकल्यात, म्हणून होळीचे उरलेले बत्तासे आजी सुईदोऱ्यात ओवतात. पहिले तीन फुटतात. गुढी उभी राहते ती त्याच रिकाम्या खोलीच्या खिडकीत, कारण उगवतीचं ऊन तिथेच येतं. काकू दीदींना फोन लावतात. आधी खोकणारा माणूस, मग दीदींचा आवाज, मागे पोरांचा गोंधळ, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. काकू विचारायच्या आधी त्याच विचारतात, "आंटी, अम्मा जी की दवाई है ना घर में?"

तुमचं परतीचं तिकीट रद्द झालंय, मोबाइलवर निरोप आला असेल. गाड्या बंद, विमानं बंद. काकूंनी ते तुमच्याआधीच गृहीत धरलंय. लग्नपत्रिकेवर सहाचा आकडा खोडून सात केलाय आणि तांदळापुढची संख्याही वाढवलीय. बेल वाजते, दूधवाला पिशव्या दाराबाहेर ठेवून निघून जातो.

"बसून काय राहायचंय," काकू आतून ओरडतात. "दुधाच्या पिशव्या आण आणि साबणाने धू. हातही धू, आधी आणि नंतर. दोन्ही वेळा दोन-दोन श्लोक, मी ऐकतेय."